राखेनं घासलेल्या नऊ सळया

माझ्या घराच्या भिंतीला, पत्र्याच्या जरा खाली, बाभळीची एक फळी आडवी टांगलेली आहे. दहा फूट लांब, जड, आणि खालच्या अंगाला नऊ खाचा पाडलेल्या. आल्यागेल्याला ती मोडक्या बाजेची वाटते. माझी थोरली जाऊ दर वर्षी विचारते, "ही घालू का गं होळीत?" घालून तर बघ म्हणावं.

मी सिमेंट रस्त्याच्या सांध्यांची मिस्त्री आहे. बाई आणि मिस्त्री हे दोन शब्द शेजारी आले की आमच्या पिंगळीकडच्या गावांत लोक आधी हसतात आणि मग विचारतात, नवरा मिस्त्री आहे का? नाही. नवरा मेंढरं राखतो, आणि चांगली राखतो. मी दहावी नापास आहे, पण सांधा माझा पास होतो. एक सोडून. त्या एका सांध्याचं लिहायला बसले आहे, आणि लिहिताना कोणाची माफी मागणार नाही. मागायची होती तिथं मागून झाली.

सांधा म्हणजे काय ते आधी सांगते. सिमेंटचा रस्ता एका दमात होत नाही. संध्याकाळी जिथं माल संपेल तिथं आडवी फळी लावून काम थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं न्यायचं. कालचा तुकडा आणि आजचा तुकडा जिथं भेटतात तो सांधा. कापसाची ट्रॉली वरून गेली की एक तुकडा दबून दुसरा वर राहू नये, म्हणून सांध्यात हातभर लांबीच्या जाड गुळगुळीत सळया घालतात. अर्धी सळई कालच्या तुकड्यात, अर्धी आजच्या. इंजिनियर त्यांना डॉवेल म्हणतात, आम्ही सळयाच म्हणतो.

आता ही सळई फळीतून आरपार जायची, तर फळीला वाट पाहिजे. बहुतेक जण भोकं पाडतात. भोकं पाडली की दुसऱ्या दिवशी फळी सळयांवरून ओढून काढावी लागते. ती सुखासुखी निघत नाही, म्हणून हातोड्यानं ठोकतात, आणि ठोकली की कच्च्या सिमेंटात सळया हलतात. आमची रीत वेगळी. फळीच्या खालच्या कडेपासून मधोमध येईपर्यंत खाच पाडायची, फळी वरून सळयांवर बसवायची, सळईखाली उरलेल्या फटीत लाकडाचा गुटका घालायचा. सकाळी गुटके काढले, फळी सरळ वर उचलली, झालं. सळईला धक्का नाही.

ही रीत मला वालूरच्या एका मिस्त्रीनं शिकवली. आमच्या शाळेपुढचा रस्ता झाला तेव्हा ते आले होते आणि मी घमेली वाहायला होते. मी त्यांना मामा म्हणायची. मोजायला टेप नाही, एक मेणचट सुतळी असायची. एकदा त्यांनी पाडलेल्या खाचांकडं बघून मी म्हणाले, "मामा, ही एक वाकडी हाय." मामांनी सुतळी लावून बघितली, वाकडीच होती. त्यांनी करवत माझ्या हातात दिली. "मग तूच पाड," म्हणाले. त्या दिवसापासून खाचा मी पाडायला लागले, आणि मला एवढा गर्व झाला की घमेलं डोक्यावर असलं तरी मान ताठच.

आमच्या गावात एक रिवाज आहे. रस्त्याचं काम निघालं की प्रत्येक गल्लीतून एक माणूस राखणीला बसतो. शेतात आम्ही पाखरं राखतो आणि रस्त्यावर ठेकेदार. दोष कोणाला देणार? आधीचे रस्ते पहिल्या पावसाळ्यातच मुरमासकट निघून गेले होते. दुधानं तोंड पोळलेलं गाव, ताकही फुंकून पिणारच. राखणदारांचे म्होरके आमचे निवृत्त गुरुजी. सरळ माणूस, सिमेंटची गोणी फुटली तरी सांडलेली मूठ भरून परत आत टाकायला लावणारा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू आतल्या अंगाला हाईस. डोळे उघडे ठिव."

मी डोळे उघडे ठेवले. तिथंच घात झाला.

शाळेच्या फाटकासमोरचा सांधा होता. सकाळी मामांनी फळी उचलली, नऊ सळयांची अर्धी तोंडं बाहेर आली. त्यांनी त्या प्रत्येकीला बोटानं ग्रीस फासलं, वरून ओलं पोतं टाकलं आणि मला म्हणाले, "सांधा साफ ठिव." तेवढ्यात पलीकडं मिक्सर बंद पडला, ते तिकडं गेले. मी पोतं उचलून बघितलं. बोटाला तेल लागलं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो गोवरीचा. तेलकट हातानं गोवरीसुद्धा भिंतीला चिकटत नाही, मग सिमेंट सळईला कसं धरणार? म्हणजे हा दगा. मामांचा नसेल, ठेकेदारानं करायला लावला असेल. मी त्यांना विचारलं नाही. विचारणं म्हणजे त्यांना चोर म्हणणं, असं मी मनाला सांगितलं. खरं तर ताठा आडवा आला. खाचा पाडणारी मी, मला सगळं कळतं.

शाळेच्या खिचडीच्या चुलीत राख होती. मी परातभर राख आणली, नारळाचा काथ्या घेतला, आणि भांडी घासतात तशा नऊच्या नऊ सळया घासून लख्ख केल्या. तेवढ्यावर थांबले नाही. हलू नयेत म्हणून वरून एक आडवी सळई टाकून सगळ्यांना तारेनं पक्कं आवळलं. मग पोतं परत होतं तसं टाकलं. मिक्सर सुरू झाला, माल आला, पोतं मीच ओढलं. मामा तेव्हा पलीकडच्या टोकाला होते. त्यांनी बघितलं नाही, दुसऱ्या कोणीच बघितलं नाही. गुरुजींनाही मी सांगितलं नाही. त्या दिवशी मला भाकरी फार गोड लागली. मी गावाचा रस्ता वाचवला होता ना!

थंडी पडली आणि रस्ता फुटला. सांध्यात नाही, सांध्यापासून दोन हातांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ भेग. बरोबर शाळेच्या फाटकासमोर, की रोज सगळ्या गावाला दिसावी. गुरुजी भेगेपाशी उभे राहून म्हणाले, "सिमेंट खाल्लं त्यानं." मग गावानं मामांना नाव ठेवलं, वालूरचा चोर. मीही त्या घोळक्यात होते. मला अजून काही माहीत नव्हतं, हे खरं. मामा परत येईपर्यंतच खरं.

महिनाभरानं मामा आले. देवळाच्या सभामंडपाचं काम त्यांना मिळणार होतं. गुरुजींनी त्यांना स्टँडवरच अडवलं. मामा भांडले नाहीत. म्हणाले, "भेग तर बघू द्या." त्यांच्यामागं गाव आलं. ते उकिडवे बसले, सांध्यापासून भेगेपर्यंत सुतळी धरली, सांध्यात नख घालून बघितलं.

"सांधा हललाच न्हाई," ते म्हणाले. "थंडीत सिमेंट आकसतंय. सांध्याला मोकळं व्हायला पायजे. म्हून तर सळईला एका अंगानं तेल लावतेत. सळई आत सरकली तर सांधा उघडतो. सळई धरून बसली तर सिमेंट दुसरीकडं फुटतंय." मग त्यांनी वर बघितलं. मी पहिल्या रांगेत उभी होते. "पोरी, सळया कुणी पुसल्या का गं?"

मला त्या एका क्षणात सगळं कळलं. गोवरी, राख, तार, सगळं. आणि मी म्हणाले, "न्हाई मामा."

ते उठले. कोणी त्यांना पाणी विचारलं नाही. त्यांची फळी माझ्या घरी राहिली होती, ती मी पळत जाऊन आणली. त्यांनी घेतली नाही. "ठिव तुझ्यापाशी. मला हिकडं आता कोण बोलावणार हाय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलं. चोर मीच होते, आणि फाशी झाल्यावर चोराला बक्षीसही मिळालं. आसपासच्या गावांत कामं निघत राहिली, मामा यायचे बंद झाले, आणि खाचा पाडता येणारी मी एकटीच उरले. त्यांच्याच फळीवर मी मिस्त्री झाले. आठ वर्षं झाली. पालमकडच्या रस्त्यांवरही सांधे केले. प्रत्येक सळईला ग्रीस लावलं, एकही सांधा आडवा फुटला नाही. शाळेपुढून जाताना मात्र मी रस्त्याची कड सोडून खालच्या मातीतून चालायची. लोक म्हणायचे, मेंढरांची सवय.

या उन्हाळ्यात आमच्याच वस्तीतला रस्ता निघाला. इथं आमची सगळी मेंढरंवाली घरं. दारापुढचा चिखल जाणार म्हणून बायका खूश होत्या. सांधे माझ्याकडं होते, राखण गुरुजींकडं. सकाळी मी फळी उचलली, नऊ सळयांना ग्रीस लावलं, आणि मागं वळून बघते तर माझी जाऊ उभी. चूल साफ करून उकिरड्याकडं निघालेली, हातात राखेचं घमेलं.

"काय करायलीस गं हे?" तिनं विचारलं.

"तेल लावायलेय. लावावं लागतंय."

"तेल लावल्यावर सिमेंट धरतंय व्हय? आमाला काय येडं समजलीस?" ती मागं वळून ओरडली, "गुरुजी, बघा हो, आपलीच मिळाली ठेकेदाराला!"

पाच मिनिटांत तिथं पन्नास माणसं, आणि सगळ्यांचं एकच, तेल पुसा. मी समजावून बघितलं. म्हणाले, करडाला आखूड दाव्यानं बांधलं तर ते खुंटा उपटतं नाहीतर गळफास बसून मरतं. सळईचं तसंच, थोडं सरकायला दावं पाहिजे. मेंढरंवाल्यांना हे कळायला हवं होतं. जाऊ म्हणाली, "करडाचं करडाला ऱ्हाऊ दे. रस्ता काय चरायला जायलाय व्हय?" सगळे हसले. खरं सांगते, मलाही हसू आलं, आणि त्याचा अजूनच राग आला.

ठेकेदाराचा मुकादम सावलीत उभा होता. मी त्याला म्हणाले, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "लोकांना पायजे तर पुसा की. माल तयार हाय, खोळंबा नको." त्याचं काय जात होतं? थंडीत फुटायला तो इथं थोडाच असणार होता.

मी सळयांपुढं फतकल मारून बसले. "आधी माझा हात पुसा, मग सळई," म्हणाले. जाऊ घमेलं घेऊन तशीच उभी. तीही माझ्यासारखीच हट्टी, आठ वर्षांपूर्वी राख घेऊन उभी असलेली मीच वाटली.

मग गुरुजी पुढं आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बाई, वालूरच्या त्या मिस्त्रीनंबी असंच तेल लावलं हुतं. भेगेपाशी त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं. शाळेपुढं काय झालं ते गावाला ठाव हाय. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

इथं मी पेचात सापडले. तेल बरोबर आहे याचा माझ्याकडं एकच पुरावा होता आणि तो शाळेपुढं आठ वर्षं उन्हात पडला होता. तो पुरावा गाव माझ्याविरुद्ध वापरत होतं. मी गप्प बसले असते तर जावेनं सळया घासल्या असत्या, पुढच्या थंडीत आमच्या दारात भेग पडली असती, आणि तिचं खापरही मामांच्या तेलावर फुटलं असतं. दुसऱ्यांदा. बोलले तर मिस्त्री हे नाव जाणार होतं, ज्याच्यावर मी आठ वर्षं जगले होते.

मी उठले. "चला," म्हणाले, "आरसाच दाखवते."

सगळ्यांना घेऊन शाळेपुढं गेले. पहिल्यांदा मी मातीत न उतरता रस्त्यावरून चालले. भेगेच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "हितं तेल नव्हतं. मामांनी लावलं हुतं, मी पुसलं. राखेनं घासलं, तारेनं आवळलं. ही भेग त्यांची न्हाई, माझी हाय. त्यांनी मला तोंडावर विचारलं तवा मी न्हाई म्हणले. आता ज्याला सळया पुसायच्यात त्यानं ही भेग बघून पुसाव्या."

लोक भेगेवर वाकून बघायला लागले. गुरुजींचा चेहरा उतरला. ते भेगेकडं बघत म्हणाले, "त्या माणसाला मी पाणीबी विचारू दिलं न्हाई." मग त्यांना माझा राग आला, आणि यायलाच हवा होता. "मग तुला मिस्त्री कुणी म्हणायचं गं?"

"नका म्हणू," मी म्हणाले. "पण तेल पुसू नका."

जावेनं राख उकिरड्यावर नेऊन टाकली. सळया तशाच राहिल्या. माल पडला. तेवढं मी जिंकले आणि बाकीचं हरले. दुसऱ्या आठवड्यात मुकादमानं पुढच्या कामाला दुसऱ्याला बोलावलं. मिस्त्री मिस्त्री म्हणणारी माणसं पुन्हा मला नवऱ्याच्या नावानं ओळखायला लागली. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "वालूरला कवा जायलीस?" माझ्या आधी त्याला कळलं होतं.

फळी सोबत न्यायची होती, पण कंडक्टरनं एसटीच्या दारातूनच मला हात जोडले. मग तशीच गेले, परभणीला गाडी बदलून. मामा अंगणात बाजेवर बसले होते. म्हातारे झाले होते. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, राखेपासून "न्हाई मामा" पर्यंत, आणि पाया पडून माफी मागितली.

"मला तवाच ठाव हुतं," ते म्हणाले. "सांध्यापाशी तू एकलीच हुतीस."

"मग बोलला का न्हाई?"

"भरल्या गावात लेकीसारख्या पोरीला खोटं पाडू?"

मी चिडले. माफी मागायला गेलेली मी, अंगणात ओरडले, "पाडायचं हुतं! पाडलं असतं तर आठ वर्षं माझी अन् तुमची वाचली असती!" आतून कोणीतरी डोकावून गेलं. मामा हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी बाजेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "ह्या बारीला तेल ऱ्हायलं का?"

"ऱ्हायलं."

"मग आता त्या भेगंला खाचा पाड."

मला कळेना. त्यांनी बोटानं मातीत काढून दाखवलं. जुना सांधा आवळला तो आवळला, आता भेगेलाच सांधा करायचा. भेग ओलांडून जातील अशा सहा खाचा रस्त्यात कापायच्या, रस्त्याच्या लांबीनं, सुतळीत सरळ. प्रत्येक खाचेत एक सळई, सगळीच्या सगळी तेल लावलेली. भेगेच्या जागी थर्माकोलचा तुकडा, म्हणजे नवा माल दोन्ही अंगांना जोडून टाकणार नाही. "मी येतो," ते म्हणाले. "मला बघायचंय."

रविवारी शाळा बंद होती. कटर मशीन मी आणलं. गुरुजींनी शाळेतली खुर्ची बाहेर काढली, मामा आल्याबरोबर त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी गुडघे टेकून खाचा कापल्या. ज्या फाटकासमोर आठ वर्षं मी पायही ठेवला नव्हता तिथं दिवसभर छिन्नी घेऊन बसले. धुळीनं माझे केस पांढरे झाले. गाव बघत होतं. बघू दे. खाली मान घालून मी हे काम केलं ते खाचा खाली होत्या म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही.

सहा सळयांना ग्रीस लावलं, खाचांत ठेवल्या. माल कालवायला मी उठले तेव्हा गुरुजी सळयांजवळ येऊन उभे राहिले, हातात छडी. जावेनं विचारलं, "गुरुजी, राखण कशाची?"

"तेल कुणी पुसू न्हाई म्हून," ते म्हणाले.

मी घमेलं घेऊन परत आले तर मामा खुर्चीवरून उठले होते. ते उकिडवे बसले, पहिल्या सळईवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग दुसरी. मला झोंबलं. त्यांच्याच रीतीनं मी आठ वर्षं सळयांना तेल लावलं होतं, आणि आता सगळ्या गावादेखत ते माझं काम तपासत होते. तिसरी. चौथी. मी घमेलं खाली ठेवलं आणि त्यांना नीट दिसावं म्हणून उन्हातून बाजूला सरकले.

"बघा मामा," मी म्हणाले. "समद्या बघा."

त्यांनी सहाच्या सहा बघितल्या. एकही सोडली नाही. शेवटच्या सळईचं तेल बोटाला लागलं ते धोतराला पुसलं आणि म्हणाले, "घाल माल, मिस्त्री."